पाणी कितव्या पायरीवर आहे, हे कोण बघतंय?

पत्र:

"ताई, लग्न होऊन मी जुन्या नाशिकातल्या एका वाड्यात आले, आता आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहतो. २०१६ च्या पुरावरून एक कथा सुचली, ती दिवाळी अंकाला पाठवायचीय. कथा अशी की पाणी वाड्यात शिरतंय, लाईट गेलेत, सगळे वरच्या मजल्यावर चाललेत आणि सासू मात्र खाली मागच्या खिडकीत निरांजन लावून बसलीय, उठायलाच तयार नाही. सून तिला नको नको ते बोलते. शेवटी कळतं की मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्या शिंपीकाकांना ऐकू येत नाही, हाका मारून उपयोग नव्हता, अंधारात त्यांना जिना कुठे ते कळावं म्हणून तो दिवा होता. आधी सगळं 'मी' मध्ये लिहिलं होतं. आमच्या वाचन ग्रुपमध्ये एकांनी सांगितलं की डायरीसारखं वाटतंय. आणि मलाही भीती वाटली की घरचे म्हणतील ही सून म्हणजे तूच आणि सासू म्हणजे आपल्या आई. म्हणून सगळीकडे 'मी' काढून 'ती' केलं. आता कथा नीटनेटकी झालीय पण मेलीय. मैत्रीण म्हणाली वाचून काहीच वाटलं नाही. नुसतं मी चं ती केल्याने एवढा फरक पडतो का? दोन्ही ड्राफ्ट जोडलेत. – एक सून, इंदिरानगर"

उत्तर:

माझ्यापेक्षा लहान आहेस म्हणून सरळ तू म्हणते, चालेल ना.

दोन्ही ड्राफ्ट एकाच दुपारी वाचले. आधी 'ती' वाला वाचला, मग 'मी' वाला, आणि मुद्दाम पेन्सिलीने खूण करत गेले की दिवा कशासाठी होता हे मला कुठल्या ओळीला कळलं. 'ती' वाल्यात दुसऱ्याच पानावर कळलं. तू लिहिलंयस, "सासूबाईंना मागच्या खोलीतल्या शिंपीकाकांची काळजी लागून राहिली होती." झालं, कथा तिथेच संपली. त्यानंतर सून ओरडते, "पाणी चढतंय आणि तुम्हाला देवाचं पडलंय" म्हणते, तेव्हा मी लांब उभी राहून बघत होते, मला आधीच माहीत होतं की ही मुलगी चुकतेय. 'मी' वाल्यात मात्र मी तिच्याबरोबर जिन्यात उभी होते, त्या बाईंचा मलाही राग आला, खरंच आला, काय हा हट्ट असं मनात म्हटलंसुद्धा, आणि मग काका भिंत धरून धरून त्या उजेडाच्या अंदाजाने आले तेव्हा तुझ्या कथेतल्या सुनेबरोबर मलाही मान खाली घालावीशी वाटली. तिसऱ्या ओळीत तू एक घोळ घालून ठेवलेला असताना हे झालं, त्या घोळाबद्दल पुढे बोलते.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की नुसतं मी चं ती केल्याने एवढा फरक पडत नाही, पण तू नुसतं तेवढं केलंच नाहीस. 'ती' लिहायला लागलं की हात सुटतो. 'मी' म्हणत होतीस तोवर तुला सासूबाईंच्या डोक्यात शिरता येत नव्हतं, कारण 'मी' ला ते माहीतच नाही. 'ती' आल्याबरोबर तुला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मिळाल्या आणि तू सगळ्या खोल्या उघडल्यास. दुसऱ्या पानावर सासूबाईंच्या मनात, तिसऱ्या पानावर पाच ओळी नवऱ्याच्या मनात (त्याला ऑफिसची फाईल आठवते, कशाला आठवते?), मग परत सुनेकडे. वाचणाऱ्याला सगळं कळलं, त्यामुळे त्याला कशाची वाट बघावी लागली नाही, आणि चूक करायला तर जागाच उरली नाही. तुझी कथा वाचणाऱ्याच्या चुकण्यावर उभी आहे गं. तो सुनेबरोबर चुकला पाहिजे.

निवेदन कोणाचं, दृष्टिकोन कोणाचा, हा प्रश्न आला की बहुतेक जण सर्वनाम बघतात आणि थांबतात. प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, संपलं. मला वाटतं की आधी हे बघावं की सांगणाऱ्याला काय माहीत आहे, ते त्याला कधी माहीत झालं, आणि तो गोष्टी कशाने मोजतो.

मोजण्याचं सांगते, तू नाशिकचीच आहेस म्हणून पटेल. गोदेला पूर आला की अख्खं गाव नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, याच मापात आपण बोलतो. पण सराफ बाजारातला नाहीतर भांडीबाजारातला दुकानदार त्या वेळी मारुतीकडे बघत नसतो, तो आपल्या दुकानाची पायरी बघत असतो, आणि खालचा माल वरच्या फळीवर कधी टाकायचा ते त्या पायरीवरून ठरवतो. धरणावरच्या माणसाचं माप वेगळं, तो क्युसेक सांगतो, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं ते. पंचवटीत गच्चीवरून व्हिडिओ काढणाऱ्या पोराला तर माप नकोच असतं, त्याला वाहून जाणारी टपरी फ्रेममध्ये हवी असते. पूर एकच आहे, पण यातल्या ज्याच्या शेजारी तू मला उभं करशील त्याचा पूर मला दिसणार.

आता तुझ्या 'ती' वाल्या ड्राफ्टचं चौथं पान काढ. अंधार, जिना, पाण्याचा वास, सुनेच्या कडेवर पोरगं, आणि मध्येच तू लिहितेस की गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग चालू होता. त्या जिन्यात हे कोणाला माहीत आहे? सुनेच्या मोबाईलची बॅटरी तर तू पहिल्याच पानावर संपवलीस. ही बातमी तू दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलीस आणि कथेत टाकलीस. ती चुकीची आहे असं मी म्हणत नाही, पण त्या क्षणी मला जिन्यातून उचलून कोणीतरी घरी सोफ्यावर आणून बसवलं. 'मी' वाल्यात तिथेच तुझं वाक्य होतं, "पाणी तिसऱ्या पायरीला होतं, मघाशी पाचवी दिसत होती." यात मला क्युसेकपेक्षा जास्त भीती वाटली. फक्त एक बारीक गोष्ट, पायऱ्या वरून मोजतेस की खालून ते एकदा ठरव, पहिल्या पानावर खालून मोजल्यास आणि इथे वरून.

आता मराठीतली एक गोष्ट, ज्याच्यावर माझा फार जीव आहे. आपल्या भाषेत सांगणारा सहजासहजी लपू शकत नाही. "मी उठले" लिहिलं की वाचणाऱ्याला कळलं, बाई बोलतेय. "मी उठलो" लिहिलं की पुरुष. "मी दिवा लावला" मध्ये मात्र कळत नाही कारण तिथे क्रियापद दिव्याप्रमाणे बदलतं. म्हणजे कोण बोलतंय हे तुला पहिला परिच्छेदभर झाकून ठेवायचं असेल तर तसं करता येतं, आणि कोणी "मी आली" लिहिलं तर ती कुठल्या भागातली, कुठल्या घरातली, याचाही वास येतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नात्याचे शब्द आणि आदरार्थ. "आई उठली", "सासूबाई उठल्या", "आजी उठली", "म्हातारी उठली". बाई तीच आहे, उठणंही तेच आहे. पहिलं वाक्य मुलाचं, दुसरं सुनेचं, तिसरं नातवाचं, चौथं त्या बाईशी काही घेणंदेणं नसलेल्या कोणाचं तरी, नाहीतर फार रागावलेल्या कोणाचं तरी. मराठीत तृतीयपुरुषी निवेदन तटस्थ आहे असं म्हणणाऱ्याला एवढंच विचारायचं की बाबा, तुझ्या कथेत सासू उठली की उठल्या? जे उत्तर देशील त्यातून तू कोणाच्या बाजूला बसलायस ते कळणार.

तुझ्या 'ती' वाल्या ड्राफ्टमध्ये मी याच्याच खुणा केल्यात, लाल पेनने. पान एकवर "सासूबाई", पान दोनवर "त्या माऊली", पान तीनवर नवऱ्याच्या डोक्यात असताना सुद्धा "सासूबाई" (त्याची ती आई आहे!), पान पाचवर "आजी". तुला वाटलं असेल तोच तोच शब्द नको म्हणून बदलते. शाळेत आपल्याला तसंच शिकवलंय, निबंधात एकच शब्द परत परत येऊ देऊ नये. कथेत मात्र प्रत्येक वेळी शब्द बदलला की वाचणाऱ्याची जागा बदलते, त्याला का ते सांगता येत नाही पण तो दमतो, आणि मग तुझ्या मैत्रिणीसारखं म्हणतो की काहीच वाटलं नाही. "त्या माऊली" तर काढच. माऊली कोण म्हणतंय? सून त्या वेळी चिडलेली आहे. हा शब्द तुझा, लेखिकेचा आहे, तुला शेवट माहीत आहे म्हणून आलाय.

तसंच "आम्ही". पहिल्या ड्राफ्टमध्ये "आम्ही सगळे वर गेलो" असं एक वाक्य आहे आणि सासू तर खालीच आहे. हे तू ठरवून केलंस की नकळत झालं मला माहीत नाही पण ते फार चांगलं आहे, कारण सुनेच्या 'आम्ही' मध्ये त्या क्षणी सासू नाही, आणि हे तिचं तिलाही कळलेलं नाही. 'ती' वाल्यात त्याचं "सगळे वर गेले" झालं आणि ती गोष्ट गेली.

पण यावरून 'ती' वाईट आणि 'मी' चांगलं असं डोक्यात घेऊ नको. सगळं माहीत असलेला निवेदक आपल्याकडे सगळ्यात जुना आहे. श्रावणातल्या कहाण्या बघ, आटपाट नगर होतं म्हटलं की सांगणाऱ्याला राजाच्याही मनातलं ठाऊक आणि नावडत्या राणीच्याही. कीर्तनकाराला तर देवाच्या मनातलं ठाऊक असतं. तिथे ऐकणाऱ्याला शेवट माहीत असतो आणि तरी तो बसतो, कारण सांगणाऱ्याचा आवाजच त्याला धरून ठेवतो, तो आवाज म्हणजे स्वतः एक माणूस असतो, मध्ये थांबतो, समोरच्याला विचारतो, रागावतो. तुझ्या 'ती' वाल्यात तसा आवाज नाही, नुसती माहिती आहे. आणि सुनेच्या अगदी खांद्याला खांदा लावून चालणारं 'ती' सुद्धा लिहिता येतं. समज, "ती जिन्यात थांबली. पाणी तिसऱ्या पायरीला. आणि या बाई अजून वात सारतायत. आता काय करायचं यांचं?" यात कुठे 'तिला वाटलं' नाही, 'ती मनात म्हणाली' नाही, सर्वनाम तृतीयपुरुषी पण राग, शब्द, "या बाई" सगळं तिचं. हे जमलं तर 'ती' ठेवूनही कथा जिवंत होईल.

आता डायरीचं. तुमच्या ग्रुपमधल्या त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाहीये, फक्त त्यांनी दुखणं एक सांगितलं आणि तू औषध दुसऱ्याचं घेतलंस. 'मी' च्या गोष्टीत दोन मी असतात. एक त्या रात्रीची मी, जिला काही माहीत नाही. दुसरी आज लिहायला बसलेली मी, जिला सगळं माहीत आहे. तुझ्या पहिल्या ड्राफ्टची तिसरी ओळ आहे, "आज त्या रात्रीची आठवण आली की स्वतःचीच लाज वाटते." हाच तो मघाचा घोळ. आजची मी उठून मध्ये बोलली आणि मला सांगून टाकलं की पुढे लाज वाटण्यासारखं काहीतरी होणार आहे. अशा सहा ओळी मोजल्या मी. "तेव्हा मला कुठे माहीत होतं", "किती वेडी होते मी", असल्या. डायरी वाटते ती या ओळींमुळे, 'मी' मुळे नाही. त्या सहाच्या सहा काढ. त्या रात्रीच्या मुलीला एकटीला जिन्यात सोड. तिला सांभाळून घ्यायला आजची तू तिथे जाऊ नको, फार अवघड जाईल, कारण आपल्याला स्वतःचं वाईट वागणं लिहिताना लगेच माफीही मागून टाकावीशी वाटते, पण माफी मागितलेली दिसली की वाचणारा मोकळा होतो आणि मग त्याला काही लागत नाही.

वाचायचंच असेल तर सार्वजनिक वाचनालयात जा, १८४० पासूनचं आहे आपलं सावाना, मेंबर नसशील तर हो. तिथे वि. स. खांडेकरांची 'ययाति' काढ, १९५९ ची. तिच्यात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापल्या तोंडाने 'मी' म्हणून सांगतात. वाचताना एवढंच कर, देवयानीबद्दल तुझं मत काय झालंय ते ययातीच्या तोंडचं वाचून एका कागदावर लिही, आणि तिचं स्वतःचं वाचून झालं की परत लिही. मी कॉलेजात असताना केलं होतं हे, दोन्ही कागदांवरची बाई वेगळी निघाली. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' मध्ये आणखी एक अडचण दिसेल, जी 'मी' मध्ये लिहिणाऱ्या सगळ्यांना येते. कर्ण स्वतःची गोष्ट सांगतोय, मग त्याचा मृत्यू कोण सांगणार? सावंतांनी शेवटचा भाग कृष्णाच्या तोंडी दिला. ज्याच्या बाजूने कर्ण लढला नाही त्याच्या तोंडून आपण त्याचा शेवट ऐकतो, आणि त्यामुळे ते दुःख किती वेगळं लागतं ते वाचून बघ. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) तर छोटीशीच आहे, ती एका रात्रीत होईल. सांगणारा नवखा तरुण मास्तर, गावाला परका, त्यामुळे गाव त्याला जेवढं उलगडतं तेवढंच आपल्याला. गावातलाच कोणी सांगायला बसला असता तर त्याला अर्ध्या गोष्टी सांगाव्याशाच वाटल्या नसत्या, रोजच्याच म्हणून.

आता घरच्यांचं. हे मी हलक्यात घेत नाहीये, सासरी राहून लिहिणाऱ्या बाईची ही भीती खरी असते. पण एक सांगू, 'ती' केल्याने कोणी फसणार नाही. निरांजन, मागची खिडकी, शिंपीकाका, हे वाचल्यावर तुझ्या घरच्यांना कळायला सर्वनाम लागणार नाही. लपायचंच असेल तर तपशील बदल, शिंप्याचा घड्याळजी कर, वाडा दुसऱ्या गल्लीत ने, सुनेला तुझ्यासारखी नोकरी देऊ नको. आणि 'मी' म्हणजे लेखक नव्हे हे मराठी वाचकाला शिकवून खूप वर्षं झाली. हरि नारायण आपट्यांनी १८९० च्या दशकात 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये यमू नावाच्या मुलीची अख्खी कहाणी 'मी' म्हणून, तिच्या आत्मचरित्रासारखी लिहिली. पुरुष होते ते. तेव्हाच्या वाचणाऱ्यांनी ते घेतलं, आजचेही घेतील.

तरी मनात धाकधूक राहिली तर छापायला देण्याआधी सासूबाईंना वाचून दाखव. परवानगी मागायला म्हणून नको, त्यांच्या तोंडून त्यांची बाजू ऐकायला. तू पत्रात लिहिलेलं नाहीस की हे खरं घडलं की नाही, आणि मी विचारतही नाही, पण घडलं असेल तर त्या रात्री त्यांना काय दिसत होतं हे तू त्यांना कधी विचारलंयस का? विचार. आणि मग एक पान फक्त स्वतःसाठी लिही, त्यांच्या 'मी' मध्ये. "सून जिन्यात उभी होती, ओरडत होती, मला ऐकू येत होतं पण मी खिडकीतून नजर काढली असती तर..." असं काहीतरी. ते कथेत घालू नको. ते लिहिलं की सुनेला काय काय दिसत नाहीये याची यादीच तुझ्याकडे तयार होईल, आणि जे तिला दिसत नाही त्याच्या आजूबाजूच्या वस्तू तिला दिसू दे. उदाहरणार्थ, सासूबाई सारख्या खिडकीबाहेर बघतायत हे सुनेला दिसतं, तिला वाटतं पाणी बघतायत. वाचणाऱ्यालाही तसंच वाटेल. नंतर काका आल्यावर तो स्वतःच मागे जाऊन जोडेल.

तर माझं मत, 'मी' वर परत जा. तुझ्या कथेतली लाज ज्या बाईची आहे तिनेच ती सांगावी असं मला वाटतं. सहा ओळी काढ, क्युसेक काढ, नवऱ्याची फाईल काढ, सासूबाईंना शेवटपर्यंत सासूबाईच म्हण. फक्त एका ठिकाणी, अगदी शेवटी, काका वर पोचल्यावर, तुझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सुनेच्या तोंडून पहिल्यांदा "आई" असं निघालंय. ते तू 'ती' वाल्यात "सासूबाई" करून टाकलंस, एकसारखं दिसावं म्हणून बहुतेक. ते परत "आई" कर.

आणि शेवटचा परिच्छेद. 'ती' वाल्यात तू लिहिलंस की सासूबाई हसल्या, त्यांनी तिला केव्हाच माफ केलं होतं. हे सुनेला कसं कळणार, अंधारात? पहिल्या ड्राफ्टमध्ये त्या फक्त म्हणतात, "तेल संपत आलंय, बघ." मग ती बाटली शोधायला लागते. तिथेच थांब. अंकाची मुदत किती तारखेची आहे ते कळव, त्याच्या चार दिवस आधी मला पाठवलीस तर परत एकदा वाचेन.